पत्र हरवले की लपले?

(पाठाविषयी : शाळा, बँका आणि कार्यालये आपली पुष्कळशी पत्रे आता ई-मेलने पाठवतात. जुनी पत्रे संगणकातील संग्रहात ठेवली जातात. एखादे पत्र त्या संग्रहात सापडले नाही, तर घाबरून न जाता ते कसे शोधावे, हे या पाठात एका प्रसंगाच्या आधारे सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, 'दप्तर' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत दफ्तर म्हणजे कार्यालय. मराठीत मात्र तुम्ही खांद्याला अडकवून शाळेत आणता, तेही दप्तर. आणि कार्यालयात जपून ठेवलेली कागदपत्रे, तीही दप्तरच! पुण्यात पेशव्यांच्या काळातील कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. त्याला पेशवे दप्तर म्हणतात. असे जुने कागद कापडात बांधून ठेवत. त्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणत. हा शब्दही तुमच्या ओळखीचाच आहे, नाही का?

आता विचार करा. शेकडो रुमालांपैकी एका रुमालातला कागद चुकून दुसऱ्याच रुमालात बांधला गेला, तर काय होईल? कागद फाटलेला नाही, जळलेला नाही, त्याला वाळवीही लागलेली नाही. तरी तो शोधणाऱ्याला सापडणार नाही. तो म्हणेल, "कागद हरवला!" पण खरे पाहता कागद हरवलेला नाही. तो फक्त लपला आहे.

आजचे दप्तर संगणकात असते. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठवून दाखवले. भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्यानंतर कागदी पत्रांची जागा हळूहळू ई-मेलने घेतली. आलेली पत्रे साचत गेली, की कामाची जुनी पत्रे वेगळ्या कप्प्यात हलवतात. या कप्प्याला इंग्रजीत 'आर्काइव्ह' म्हणतात. आपण त्याला 'संग्रह' म्हणू. रुमालात कागद लपतो, तसेच संग्रहात ई-मेलही लपतात. कसे, ते ऐका.

२०२३ सालच्या जून महिन्यातली गोष्ट आहे. आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी माझ्याकडे आली. ती २०१४ मध्ये दहावी उत्तीर्ण झाली होती. तिला एका रुग्णालयात परिचारिकेची नोकरी मिळणार होती. मात्र तिच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आईचे नाव चुकीचे छापले गेले होते. ती चूक दुरुस्त केल्याचे पत्र एका कार्यालयाने २०१४ मध्येच शाळेला ई-मेलने पाठवले होते. कारकून चाचांनी ते छापून तिच्या हाती दिले होते. पण पुढे एका पावसाळ्यात घरात पाणी शिरले आणि तो कागद भिजून गेला.

ती म्हणाली, "सर, त्या कार्यालयात मी दोनदा जाऊन आले. पत्राचा जावक क्रमांक आणा, म्हणजे नोंद शोधता येईल, असे ते म्हणतात. आठ दिवसांत कागद दाखवला नाही, तर माझी जागा दुसऱ्या कोणाला तरी देतील."

मी तिला चाचांकडे घेऊन गेलो. चाचा व्यवस्थित माणूस. दर वर्षाच्या शेवटी ते त्या वर्षाची सगळी पत्रे संग्रहात हलवत. संगणक प्रत्येक वर्षासाठी वेगळा कप्पा आपोआप तयार करी. चाचांनी २०१४ चा कप्पा उघडला. एक एक पत्र पाहिले. ते पत्र नव्हते!

चाचांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "मास्टरसाहेब, मी आजवर एकही कागद हरवला नाही. आता ही मुलगी माझ्यामुळे नोकरीला मुकणार काय?"

काळजीचे आणखी एक कारण होते. त्या काळी आमच्या शाळेचा संगणक पत्रे स्वतःकडे उतरवून घेई आणि मूळ ठिकाणाहून, म्हणजे सर्व्हरवरून, ती पुसून टाकी. त्यामुळे त्या पत्राची दुसरी प्रत कोठेही नव्हती. जे काही होते, ते या एकाच संगणकात होते.

चाचा म्हणाले, "संगणक जड झालाय. आधी नको असलेल्या गोष्टी काढून टाकतो, मग शोधू." मी त्यांना लगेच थांबवले. मित्रांनो, पहिला धडा येथेच आहे. काही हरवले असेल, तेव्हा साफसफाई करू नये. याचे कारण समजून घ्या. उदाहरणार्थ, थंडरबर्ड नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये एका कप्प्यातली सगळी पत्रे साधारणपणे एकाच लांबलचक फाइलमध्ये एकापुढे एक लिहिलेली असतात. आपण एखादे पत्र पुसतो, तेव्हा ते लगेच नाहीसे होत नाही. 'हे पुसले' एवढी खूण त्यावर होते. पुढे 'कॉम्पॅक्ट' ही आज्ञा चालते, तेव्हा खूण केलेली पत्रे त्या फाइलमधून खरोखर निघून जातात. तोपर्यंत जाणकार माणूस ती परत काढू शकतो. म्हणून आम्ही प्रथम ई-मेलचा प्रोग्रॅम बंद केला. त्याच्या सर्व फाइलींची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवली. मगच शोधाला लागलो.

शोधताना आम्ही एक क्रम ठरवला. सोपी आणि निर्धोक गोष्ट आधी, अवघड गोष्ट नंतर.

सर्वांत आधी आम्ही गाळणी पाहिली. चहाच्या गाळणीतून चहा खाली येतो आणि पत्ती वर राहते. ई-मेलच्या प्रोग्रॅमलाही अशी गाळणी असते. 'फक्त न वाचलेली पत्रे दाखव' असे एकदा सांगितले, की वाचलेली पत्रे दिसेनाशी होतात. ती कप्प्यातच असतात, पण यादीत नसतात. आमची गाळणी बंद होती.

मग आम्ही कचऱ्याचा कप्पा आणि नकोशा पत्रांचा म्हणजे 'स्पॅम'चा कप्पा पाहिला. तेथेही पत्र नव्हते. शेजारचे कप्पे पाहिले. माउसने पत्र ओढताना हात सुटला, की ते भलत्याच कप्प्यात पडते. थंडरबर्डमध्ये तर पत्र निवडलेले असताना इंग्रजी 'ए'ची कळ चुकून दाबली गेली, तरी ते पत्र संग्रहात जाते. पण शेजारच्या कप्प्यांतही काही मिळाले नाही.

त्यानंतर आम्ही त्या मुलीचे नाव टाइप करून शोध घेतला. उत्तर आले, 'काही सापडले नाही.' मुलगी रडकुंडीला आली. पण मित्रांनो, संगणकाचा असा शोध पत्रातील अक्षरे पाहतो. कार्यालयाने कागदाचे छायाचित्र काढून पत्राला जोडले होते. तिचे नाव त्या चित्रात होते, पत्राच्या मजकुरात नव्हते. मग आम्ही २०१४ च्या कप्प्यात कार्यालयाचा पत्ता टाकून पाहिले. तेथेही काही नाही. आम्ही एकाच खोलीत शोधत होतो, हे तेव्हा आमच्या लक्षात आले नाही!

पुढे आम्ही अनुक्रमणिका तपासली. पुस्तकात अनुक्रमणिका असते, तशी प्रत्येक कप्प्याचीही एक छोटी फाइल असते. पडद्यावर दिसणारी यादी त्या फाइलवरून तयार होते. वीज अचानक गेली किंवा संगणक मध्येच बंद पडला, तर ही अनुक्रमणिका बिघडू शकते. मग पत्रे फाइलमध्ये असूनही यादीत येत नाहीत. पुस्तकाचे पहिले पान फाटले, म्हणून आतले धडे नाहीसे होतात काय? थंडरबर्डमध्ये कप्प्याच्या गुणधर्मांत 'रिपेअर फोल्डर' असे बटण असते. ते दाबले, की प्रोग्रॅम पत्रे पुन्हा वाचून नवी अनुक्रमणिका करतो. आमच्या प्रोग्रॅममध्येही तशी सोय होती. आम्ही ती वापरली. २०१४ ची यादी नव्याने तयार झाली. पत्र मात्र नव्हतेच.

दुपार झाली. नववीचा एक विद्यार्थी हजेरीपट ठेवायला आला होता. तो मागे उभा राहून पडद्याकडे पाहत होता. संग्रहाचे सगळे कप्पे उघडलेले होते. तो हळूच म्हणाला, "सर, एक विचारू का? आपल्या शाळेत २००२ साली ई-मेल होता का?"

"नाही रे. शाळेचे खाते २०११ मध्ये उघडले." मी सांगितले.

"मग हा २००२ चा कप्पा कसा?"

आम्ही तिघेही पाहतच राहिलो. यादीत सर्वांत वर '२००२' असा कप्पा होता आणि त्याच्याखाली '२०११', '२०१२' असे कप्पे होते. २००२ चा कप्पा उघडला. आत तीनच पत्रे होती. तिन्ही त्याच कार्यालयाची. तारीख होती ४ जानेवारी २००२. तिसऱ्या पत्राला एक चित्र जोडलेले होते. चाचांनी ते उघडले. त्या मुलीचे नाव, तिच्या आईचे दुरुस्त केलेले नाव आणि वरच्या कोपऱ्यात जावक क्रमांक! मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. चाचांनी चष्मा काढून पुसला.

हे कसे घडले असेल, सांगा पाहू!

ई-मेलवर आपण जी तारीख वाचतो, ती बहुधा पाठवणाऱ्याच्या संगणकाने लिहिलेली असते. संगणक बंद असतानाही त्याचे घड्याळ चालू राहावे, म्हणून आत नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती संपली, की जुन्या संगणकाचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. त्या कार्यालयातल्या संगणकाचे असेच झाले असावे. पत्र पाठवले २०१४ मध्ये, तारीख पडली २००२ ची. चाचांनी वर्षाअखेरीस पत्रे संग्रहात हलवली, तेव्हा प्रोग्रॅमने पत्रावरची तारीख वाचली आणि ते '२००२'च्या कप्प्यात नेऊन ठेवले. प्रोग्रॅमचे काही चुकले नाही. चाचांचेही काही चुकले नाही. चूक होती ती तारखेत.

उर्दूत 'तारीख' म्हणजे दिवसही आणि इतिहासही. मराठीत तारीख म्हणजे केवळ दिवस. पण पाहा, एका तारखेने त्या पत्राचा सारा इतिहासच बदलून टाकला!

पत्र खरोखर २०१४ चेच आहे, हे कसे ठरवायचे? कागदी पाकिटावर वाटेतल्या टपाल कचेऱ्यांचे शिक्के असतात. ई-मेलवरही असतात. पत्र ज्या ज्या सर्व्हरमधून जाते, तो सर्व्हर आपली वेळ त्यावर नोंदवतो. पत्राचा 'सोर्स' म्हणजे मूळ रूप उघडले, की या ओळी दिसतात. आम्ही त्या पाहिल्या. प्रत्येक ओळीत २०१४ हेच साल होते. पाठवणाऱ्याचे घड्याळ चुकले होते, पण वाटेतले शिक्के बरोबर होते.

त्या जावक क्रमांकावरून कार्यालयाने जुनी नोंद काढली आणि मुलीला पत्राची दुसरी प्रत दिली. आठवा दिवस उजाडण्यापूर्वी ती नोकरीवर रुजू झाली.

मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ई-मेल मोबाइलवर पाहतात. तेथेही पत्रे लपतात. २००४ साली सुरू झालेल्या जीमेलमध्ये 'आर्काइव्ह' केलेले पत्र दुसरीकडे जात नाही. त्याच्यावरची 'इनबॉक्स' ही चिठ्ठी तेवढी निघते. पुष्कळ मोबाइलवर बोटाने पत्र बाजूला सरकवले, तरी असे होते. ते पत्र 'ऑल मेल' या कप्प्यात सापडते. नेहमीचा शोध कचरा आणि स्पॅम या कप्प्यांत पाहत नाही. त्यासाठी शोधाच्या पर्यायांत 'मेल अँड स्पॅम अँड ट्रॅश' निवडावे लागते. आणि उशीर करू नका. कचऱ्यात टाकलेले पत्र तेथे ३० दिवसच राहते. नंतर ते कायमचे पुसले जाते.

आणखी एक गोष्ट. संग्रह म्हणजे सुरक्षित नक्कल, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. संग्रहात पत्र हलवले, तरी ते एकच असते. नक्कल म्हणजे दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली दुसरी प्रत. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेल वापरणाऱ्या काही लोकांनी आपले खाते उघडले, तर ते रिकामे! त्यांचे प्रमाण ०.०२ टक्के, म्हणजे दहा हजारांत दोन होते. पत्रांच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणच्या संगणकांत होत्या. पण नव्या प्रोग्रॅममधील दोषामुळे त्यातील अनेक प्रतींवर एकाच वेळी परिणाम झाला. मग पत्रे परत कशी मिळाली? कंपनीने चुंबकीय फितींवर वेगळी नक्कल ठेवली होती. त्या फिती चालू संगणकांना जोडलेल्या नव्हत्या, म्हणून त्या दोषापासून बचावल्या. फितींवरून पत्रे पुन्हा भरण्यात आली. एवढ्या मोठ्या कंपनीलाही शेवटी कपाटातल्या नकलेचाच आधार मिळाला!

आमच्या शाळेनेही आता नियम केला आहे. दर महिन्याला ई-मेलची नक्कल वेगळ्या डिस्कवर घेतली जाते आणि ती डिस्क मुख्याध्यापिकांच्या कपाटात राहते. महत्त्वाच्या पत्राचा जावक क्रमांक आणि ते आल्याचा दिवस चाचा वहीतही लिहितात. त्या वहीचे पहिले पान लिहिण्याचा मान त्यांनी नववीतल्या त्या विद्यार्थ्याला दिला.

तुमच्यावर कधी असा प्रसंग आला, तर आधी थांबा. काहीही पुसू नका. नक्कल घ्या. मग सोप्यापासून अवघडापर्यंत क्रमाने शोधा. आणि जिथे ती वस्तू असणे शक्यच नाही असे वाटते, तिथेही एकदा डोकावून पाहा. तुमच्या शोधण्यावर कोणाची तरी नोकरी, कोणाचा तरी प्रवेश अवलंबून असू शकतो.

शब्दार्थ

गाठोडे – कापडात बांधलेल्या वस्तू
वाळवी – कागद व लाकूड खाणारा कीटक, दीमक
परिचारिका – रुग्णांची सेवा करणारी, नर्स
जावक क्रमांक – कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या पत्राला दिलेला नंबर
निर्धोक – ज्यात धोका नाही असे
अनुक्रमणिका – पुस्तकातील धड्यांची क्रमवार यादी, फेहरिस्त
रुजू होणे – कामावर हजर होणे
चुंबकीय फीत – माहिती साठवण्याची लांब पट्टी, टेप

वाक्प्रचार

चेहरा उतरणे – निराश होणे
रडकुंडीला येणे – रडण्याच्या बेतात असणे
मुकणे – हातची संधी गमावणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जुने कागद बांधलेल्या गाठोड्याला काय म्हणत?
(आ) भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेटची सेवा केव्हा सुरू झाली?
(इ) हरवलेले पत्र कोणत्या वर्षाच्या कप्प्यात सापडले?
(ई) ई-मेलवरील शिक्के कोण उमटवतो?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) लेखकाने चाचांना साफसफाई करू दिली नाही.
(आ) मुलीचे नाव टाइप करूनही पत्र सापडले नाही.
(इ) २०११ मध्ये फितींवरची नक्कल दोषापासून बचावली.

प्र. ३. कोण कोणास म्हणाले?
(अ) "मी आजवर एकही कागद हरवला नाही."
(आ) "मग हा २००२ चा कप्पा कसा?"

प्र. ४. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पत्र शोधताना कोणता क्रम ठेवला गेला?
(आ) संग्रह आणि नक्कल यांतील फरक सांगा.

प्र. ५. 'दप्तर', 'रुमाल', 'तारीख' आणि 'नक्कल' या शब्दांचा उर्दूतील आणि मराठीतील वापर सांगा. प्रत्येक शब्द मराठी वाक्यात वापरा.

प्र. ६. वचन बदला : कप्पा, पत्र, चूक, नोंद, संगणक.

उपक्रम : तुमच्या घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांची यादी करा. कोणता कागद कोठे ठेवला आहे आणि त्याची नक्कल कोठे आहे, हे त्यापुढे लिहा. ही यादी घरातील मोठ्या माणसांना दाखवा.